कुंपणावरचा अडुळसा आणि घरातील खोकला

काही झाडे अशी असतात की ती दारापाशी उभी असूनही घरच्या माणसांना त्यांची ओळख नसते. अडुळसा हे त्यांपैकीच एक. शेताच्या बांधावर, विहिरीच्या वाटेवर, चर्चच्या जुन्या आवाराच्या कडेला, पडक्या गडग्याच्या आडोशाला तो वर्षानुवर्षे उभा असतो. त्याला कोणी मुद्दाम पाणी घालीत नाही, खत देत नाही आणि गुरांपासून राखतही नाही. घरात कोणाला खोकला झाला म्हणजे मात्र आजीबाईंना त्याची आठवण होते, चार पाने खुडली जातात आणि खोकला थांबला की झाडाचा पुन्हा विसर पडतो. आज या सदरात आम्ही या उपेक्षित झुडुपाची नीट ओळख करून देणार आहोत. त्याचा गुण कोणता हे तर सांगूच. परंतु तो गुण कोठे संपतो हे सांगणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. कारण त्या सीमेवर कित्येक कुटुंबांच्या सुखदुःखाचा प्रश्न उभा असतो.

आमचे वाचक निरनिराळ्या प्रांतांत वसलेले आहेत. त्यामुळे शेजारपाजारी या झाडाची जी नावे ऐकू येतात ती आधी सांगितलेली बरी. गोव्याकडे याला अडुळसो म्हणतात. बेळगावच्या बाजूस कानडी शेजारी आडुसोगे म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे तो अडूसा होतो, बडोद्याकडे अरडूसी, तर हैदराबादेस तेलुगू भाषेत अड्डसरम्. संस्कृतात वासा, वासक, वृष, आटरूष अशी त्याची अनेक नावे असून सिंहास्य, म्हणजे सिंहासारख्या मुखाचा, असेही एक नाव आहे. ते का पडले हे फूल पाहिल्यावर कळते. वनस्पतिशास्त्रात त्याला जस्टिसिया अधाटोडा म्हणतात. स्वीडनचे विख्यात शास्त्रज्ञ लिनीयस यांनी १७५३ मध्ये हे नाव नोंदविले. त्यातील पहिला शब्द जेम्स जस्टिस या स्कॉटिश उद्यानप्रेमी गृहस्थाच्या आडनावावरून आला आहे. दुसरा मात्र आपल्या दक्षिणेतला आहे. तमिळ भाषेतील 'आडातोडै' या नावाचा अर्थ 'शेळी ज्याला शिवत नाही ते' असा सांगतात. शेळी काय खात नाही, असे आपण सहज म्हणतो. पण अडुळशाच्या कडू पानांपुढे तीही माघार घेते. म्हणूनच शेतकऱ्याने त्याला कुंपणावर जागा दिली. जे झाड जनावरे खात नाहीत ते राखण्यासाठी दुसरे कुंपण लागत नाही!

आता झाड जवळून पाहू. अडुळसा हे सदा हिरवे राहणारे झुडूप आहे. ते सामान्यतः माणसाच्या उंचीएवढे किंवा थोडे अधिक वाढते. बुंध्यापासूनच त्याला पुष्कळ फांद्या फुटतात आणि फांद्यांची पेरे किंचित फुगलेली असतात. प्रत्येक पेरावर दोन पाने समोरासमोर येतात. त्याच्या वरच्या पेरावरील जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असते. त्यामुळे वरून पाहिल्यास पानांची फुली दिसते. वरच्या पानाची सावली खालच्यावर कमी पडावी, अशी ही योजना आहे. पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखे, दोन्ही टोकांस निमुळते आणि साधारण १० ते २० सेंटिमीटर लांब असते. त्याची कड अखंड असते, तिला करवतीसारखे दाते नसतात. ही खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे. ताजे पान चुरगळल्यास उग्र दर्प येतो, पण तेच सावलीत वाळविले की त्याला कडक चहासारखा वास येऊ लागतो.

थंडी पडू लागली, नाताळ जवळ आला, की अडुळशाला बहर येतो आणि तो पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकतो. फांद्यांच्या शेंड्यांकडे पानांच्या बगलेत जाड, आखूड कणसे येतात. या कणसांवर हिरव्या छदांची, म्हणजे फुलाला आधार देणाऱ्या लहान पानांची, दाटी असते आणि तिच्यातून पांढरी फुले डोकावतात. फूल सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर लांब असून त्याचा पुष्पमुकुट दोन ओठांत विभागलेला असतो. वरचा ओठ किंचित वाकून छपरासारखा पुढे येतो. खालचा रुंद, तीन पाळ्यांचा व पसरट असतो आणि त्यावर जांभळट-गुलाबी रेषा ओढलेल्या असतात. बाजूने पाहिल्यास जबडा उघडलेल्या श्वापदाचे तोंडच दिसते. सिंहास्य हे नाव देणाऱ्या जुन्या निरीक्षकाने फूल किती बारकाईने पाहिले असेल!

या रचनेत केवळ शोभा नाही. खालचा ओठ हा पाहुण्याला बसण्याचा पाट आहे. त्यावरील रेषा फुलाच्या नळीकडे, म्हणजे तळाशी साठलेल्या मधाकडे, वाट दाखवितात. पाहुणा म्हणजे बहुधा मोठी मधमाशी किंवा घराच्या वाशांना भोके पाडणारा काळा भुंगा. तो पाटावर बसून आत डोके घालतो, तेव्हा वरच्या छपराखाली लपलेली दोन केसरदले त्याच्या पाठीला लागतात आणि तेथे परागांची पूड बसते. फुलाचा स्त्रीभागही त्याच छपराच्या आतील बारीक पन्हळीत बसविलेला असतो. त्यामुळे भुंगा दुसऱ्या फुलात शिरला की पाठीवरचे पराग नेमके त्या जागी पुसले जातात. लहानसहान किडे या तोंडात शिरले, तरी त्यांची पाठ छपराला लागत नाही. जो काम करील त्यालाच मजुरी मिळावी, असा हा व्यवहार आहे.

फळ म्हणजे गदेच्या आकाराचे एक लहान बोंड. त्यात बहुधा चार बिया असतात. बोंडे मोजकीच धरतात, म्हणून पुष्कळांनी ती पाहिलेलीही नसतात. बोंड पूर्ण वाळले की त्याची दोन शकले एकाएकी उलगडतात आणि प्रत्येक बीखाली असलेली लहानशी टणक आकडी गोफणीसारखी ती बी दूर उडविते. ही आकडी हे या सबंध घराण्याचे चिन्ह होय. आपल्या बायामाणसांच्या आवडीची अबोली, काटेरी कोरांटी आणि सह्याद्रीच्या उतारांवर वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी ही सारी अडुळशाचीच भावंडे आहेत. मराठी वनस्पतिशास्त्रात या घराण्याला अडुळशाच्याच नावावरून वासक कुल म्हणतात. बीपेक्षा छाटापासून अडुळसा लवकर होतो. पावसाच्या आरंभी तीन-चार पेरांची पक्व फांदी ओलसर जमिनीत तिरपी खोचली की ती जीव धरते.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. बाजारात वाळलेल्या अडुळशाच्या नावाखाली महारुखाची पाने मिसळलेली आढळतात. महारुख हा उंच वृक्ष आहे, त्याचे अडुळशाशी काहीही नाते नाही. गुजरातीत तर अडुळशाला अरडूसी आणि महारुखाला अरडूसो म्हणतात, त्यामुळे बडोद्याकडील वाचकांनी विशेष जपावे. केवळ एका स्वराचा हा फरक, पण औषध निराळे होते. ओळख सोपी आहे. महारुखाचे पान संयुक्त असते आणि त्याच्या प्रत्येक दलाची कड दातेरी व दोन्ही बाजू असमान असतात. अडुळशाचे पान साधे, सरळ कडेचे व समोरासमोर जोडीने येणारे असते. पुडीतील भुकटी ओळखण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा कुंपणावरचे झाड ओळखीचे करून घेणे केव्हाही बरे.

औषधाखेरीज इतर कामांतही अडुळसा उपयोगी पडत आला आहे. त्याच्या पानांपासून पिवळा रंग काढीत आणि लाकडाचा कोळसा बंदुकीच्या दारूसाठी वापरीत. सतलज नदीच्या खोऱ्यातील शेतकरी भाताच्या चिखलात अडुळशाचा पाला टाकीत, त्याने खत होई आणि पाण्यातील तणही मरे, अशी नोंद जॉर्ज वॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली आहे. जो पाला कीड व शेळी यांना नकोसा, त्याच्या अंगी काही तीव्र द्रव्य असले पाहिजे, हे उघडच आहे. ते द्रव्य कोणते?

त्याचा शोध आपल्याच देशात लागला. १८८८ मध्ये नीलगिरीवर सरकारी सिंकोना खात्यात रसायनज्ञ असलेले डेव्हिड हूपर यांनी पानांतून एक अल्कलॉइड वेगळे काढले आणि वासा या नावावरून त्याला व्हॅसिसीन असे नाव दिले. हेच हूपर पुढे मुंबईचे विल्यम डायमॉक व कलकत्त्याचे वॉर्डन यांच्यासह भारतीय औषधी वनस्पतींवरील 'फार्माकोग्राफिया इंडिका' या मोठ्या ग्रंथाचे कर्ते झाले. नंतर १९२० च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी अडुळशाच्या क्रियेची तपासणी केली. श्वासनलिका सैल करणे आणि चिकट कफ पातळ करून सुटा करणे हा या पानाचा गुण होय. व्हॅसिसीनच्या धर्तीवर युरोपातील रसायनज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे औषध तयार केले आणि ते १९६३ मध्ये वापरात आले. शरीरात ब्रोमहेक्सिनपासून जे द्रव्य बनते, त्याचेच पुढे ॲम्ब्रॉक्सॉल हे स्वतंत्र औषध झाले. आज डॉक्टरांनी लिहून दिलेल्या खोकल्याच्या बाटलीवर यांपैकी एखादे नाव दिसले, तर वाचकांनी समजावे की आपल्या बांधावरील झाडाचा तो दूरदेशी वाढलेला नातू आहे.

तेव्हा आजीबाईंचे औषध खोटे नव्हते. साध्या सर्दी-पडशाच्या खोकल्यात, कफ छातीत घट्ट बसला असता, अडुळशाने आराम वाटतो. कच्च्या पानांतून रस फारसा निघत नाही, म्हणून ती वाफवून किंवा केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर गरम करून पिळण्याची रीतही अनुभवातून आलेली आहे. इतके श्रेय या झाडाला मोकळ्या मनाने दिल्यावर आता आम्ही मूळ मुद्द्याकडे वळतो.

जुन्या वैद्यक ग्रंथांत अडुळशाची स्तुती केवळ खोकल्यासाठी नाही. रक्त पडणे आणि क्षय यांवरही तो सांगितला आहे. अडुळसा दारी असताना क्षयी माणसाने निराश होऊ नये, अशी समजूत त्यातूनच रूढ झाली. ज्या काळी क्षयावर दुसरा इलाज नव्हता, त्या काळी ही समजूत दिलासा देणारी होती. रोग्याचा कफ सुटे, छाती हलकी होई, चार रात्री झोप लागे; एवढेही थोडे नव्हते. परंतु २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू दाखवून दिले आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. क्षय म्हणजे साठलेला कफ नव्हे, तो फुप्फुसांत घर करणारा जंतू आहे. कफ सुटला म्हणून जंतू मरत नाही.

कोणी म्हणेल, अडुळशाने जंतू मरतो असेही शास्त्रज्ञांनी म्हटले आहे ना? ही गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून ती स्पष्ट सांगतो. ब्रोमहेक्सिन व ॲम्ब्रॉक्सॉल या द्रव्यांनी काचेच्या नळीत क्षयजंतूंची वाढ रोखली जाते, असा शोधनिबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. परंतु काचेची नळी म्हणजे माणसाचे फुप्फुस नव्हे. नळीत द्रव्य हवे तितके घालता येते. पानांचा रस पिऊन ते रोगाच्या जागी तेवढे पोचत नाही. अडुळशाने क्षय बरा होतो असे रोग्यांवरील प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. संशोधकाला जी गोष्ट पुढील शोधाची वाट म्हणून उपयोगी, तीच रोग्याने औषध मानली तर जिवावर बेतते.

आणि धोका नेमका अडुळशाच्या गुणातच आहे. रस घेतला की खोकला सैल होतो. घरधन्याला वाटते, उतार पडला. पुन्हा खोकला वाढतो, पुन्हा रस. असे करता करता महिना जातो, दोन महिने जातात. संध्याकाळी अंग कसकसते, रात्री घाम येतो, जेवण कमी होते, सदरा सैल होऊ लागतो. आणि 'शेतातील कामाने वाळला' असे म्हणून सारे स्वस्थ राहतात. या काळात तो माणूस त्याच खोलीत मुलांजवळ निजतो आणि प्रत्येक खोकल्याबरोबर रोगाचे जंतू हवेत सोडतो. एकाच्या दुखण्याची अशी घराच्या दुखण्यात भर पडते. कित्येक ठिकाणी तर दुखणे कळूनही लपविले जाते. मुलीचे लग्न ठरायचे आहे, शेजारी काय म्हणतील, पंगतीत वेगळे बसवतील, अशी भीती असते. अशा वेळी अडुळसा हे औषध न राहता आडोसा होऊन बसतो. आम्ही अशा कुटुंबांना दोष देत नाही, कारण त्यांच्या भीतीला समाजच जबाबदार आहे. परंतु लपविलेला रोग घराबाहेर कळायचा तो कळतोच आणि तोवर घरातील दुसरे कोणी अंथरूण धरते.

यावरील नियम साधा आहे व तो प्रत्येक घराने पाठ करावा : दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला अडुळशाचा नव्हे, तो तपासणीचा. थुंकीत रक्त दिसले, तर दोन आठवडेही थांबू नये. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी विनामूल्य होते. बंगळूर व गोवा येथील कंपन्यांनी विकसित केलेल्या ट्रूनॅट या तपासणीस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली असून तिने क्षयाचे निदान काही तासांत होऊ शकते. रोग निघाला तरी घाबरण्याचे कारण नाही. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षय-चिकित्सा केंद्राने १९५९ मध्ये जगाला दाखवून दिले की योग्य गोळ्या नियमाने घेतल्यास गरीब वस्तीतील रोगीही रुग्णालयात न राहता घरीच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांना अधिक धोका पोचत नाही. आज साध्या क्षयाचा उपचार बहुधा ६ महिन्यांचा असतो. औषधे विनामूल्य मिळतात आणि सकस आहारासाठी सरकारकडून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपयांचे साह्य ठरविलेले आहे. मात्र दोन महिन्यांत बरे वाटू लागले म्हणून गोळ्या सोडणे फार घातक आहे. अर्धवट मारलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि मग उपचार लांबतो व कठीण होतो. या सहा महिन्यांत शेजाऱ्याने रोज एकदा 'गोळी घेतलीत का?' असे आपुलकीने विचारले, तर त्यासारखी दुसरी सेवा नाही.

आणखी तीन गोष्टी सांगून हे प्रकरण संपवितो. पहिली गरोदर भगिनींसाठी. व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावते, हे जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील अभ्यासातून पुढे आले आहे. म्हणून गरोदरपणी अडुळशाचा रस, काढा अथवा बाटली यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. 'झाडपाल्याने काय होते?' असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नये. ज्या पानात गुण आहे, त्यात अपायाचीही शक्ती असते. दुसरी गोष्ट तान्ह्या मुलांची. अडुळशाचा रस मधात देण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु एक वर्षाखालील मुलास मध मुळीच देऊ नये, कारण त्यातील विशिष्ट जंतूंच्या बीजांपासून तान्ह्या आतड्यांत गंभीर विषबाधा होऊ शकते. मुलाचा श्वास जलद चालत असेल, श्वासाबरोबर बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, मूल अंगावर पीत नसेल, तर पाने खुडण्यात वेळ न घालविता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. तिसरी गोष्ट मधुमेही वडील माणसांची. बाजारातील अडुळशाच्या पुष्कळ बाटल्या साखरेच्या पाकात केलेल्या असतात. त्यांनी बाटलीवरील मजकूर कोणाकडून तरी वाचवून घ्यावा.

येत्या पावसाळ्यात ज्यांच्या परसात अडुळसा नाही त्यांनी एक छाट अवश्य लावावा. थंडीत त्याच्या फुलांवर भुंगे येऊ लागतील, तेव्हा मुलांना तो ओठ, त्या रेषा, ते छप्पर दाखवावे. पाठ्यपुस्तकातील आकृतीहून ते त्यांच्या अधिक ध्यानात राहील. पण घरात कोणाचा खोकला सुरू झाला, तर भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या दिवसावर एक खूण करावी. चौदा दिवस होईपर्यंत अडुळशाकडे जावे. पंधराव्या दिवशी खोकला असलाच, तर घरातील कर्त्या माणसाने रोग्यास बरोबर घेऊन आरोग्य केंद्राची वाट धरावी.